साचा बिनचूक, जोडी गार: एका टीव्ही-रोमान्सच्या रफ कटचं प्रकरण

मोठ्या शहरातली नोकरदार नायिका नाताळाच्या तीन आठवडे आधी एका छोट्या गावात येते. तिच्या कंपनीला तिथला ख्रिसमस ट्रीचा मळा विकत घेऊन रिसॉर्ट बांधायचंय. मळ्याचा मालक म्हणजे नायक. वडील गेल्यावर मळा त्याच्या गळ्यात पडलेला. गावच्या दिव्यांच्या उत्सवाची जबाबदारी दोघांवर येते, सातव्या अंकात चुंबन होता होता राहतं, आठव्यात अर्धवट ऐकलेल्या फोनवरून गैरसमज होतो आणि नवव्यात बर्फ पडायला लागतं. अमेरिकी केबल वाहिन्यांवर ही गोष्ट दर हंगामात नवे कोट घालून येते. ती तशीच यावी म्हणूनच प्रेक्षक ती लावतात, तेव्हा साच्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्या प्रकरणातल्या चित्रपटात साचा चोख होता. चित्रीकरण वेळेत संपलं, रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, तयार झाला, आणि वाहिनीकडून एका ओळीचा शेरा आला: दोघंही आवडतात, पण त्यांचं जमावं असं वाटत नाही.

एक खुलासा करायला हवा. हे प्रकरण एका ठरावीक चित्रपटाचं नाही. या प्रकारात पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका इथे एका चित्रपटात गुंफल्या आहेत. त्यातले फ्रेमचे आणि सेकंदांचे आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा निर्मितीच्या मापात बसणारे आहेत.

साच्याची मापं

हॉलमार्क चॅनल ही अमेरिकी केबल वाहिनी या नावानं २००१ पासून चालतेय, आणि ‘काउंटडाऊन टू ख्रिसमस’ हा त्याचा नाताळचा हंगाम २००९ पासून. या प्रकाराची मापं मुख्यतः तिथेच पक्की झाली. दोन तासांच्या वेळेतून जाहिराती वजा केल्या की उरतात साधारण ८४-८५ मिनिटं. जाहिरातींच्या थांब्यांमुळे गोष्टीचे नऊ अंक पडतात. चित्रीकरणाला मिळतात साधारण १५ दिवस. करसवलतींमुळे ते बहुतेकदा कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया किंवा ओंटारिओत होतं, आणि प्रसारण हिवाळ्यात असल्यानं कित्येकदा भर उन्हाळ्यात. बर्फ म्हणजे फेस, कागदाचा चुरा, कापसाच्या गाद्या आणि जवळून दिसणार असेल तिथे किसलेला खरा बर्फ.

पटकथा ९५ पानांची धरली तर रोजची सव्वासहा पानं उरकायची. तीन पानांच्या संवादाच्या प्रसंगाला एक मास्टर (सबंध प्रसंग लांबून), दोन्ही बाजूंनी खांद्यावरून घेतलेले दोन सजेशन आणि दोन क्लोज-अप, असे पाच सेटअप, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाच मांडण्या, लागतात. एकेकाला ४० मिनिटं धरली तरी सव्वातीन तास गेले. बारा तासांच्या दिवसात असे दोन प्रसंग, मधली हलवाहलव आणि जेवण बसवलं की ‘अजून एक टेक घेऊ या’ म्हणायला जागा राहत नाही.

आणखी एक बंधन आहे, आणि या प्रकरणात तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरतं. शृंगार नाही, शिवीगाळ नाही, चुंबन शेवटच्या दोन मिनिटांत. शेवट काय होणार हेही प्रेक्षकाला शीर्षकापासून ठाऊक. म्हणजे ‘होईल का?’ ही उत्सुकता बाद, आणि शारीरिक जवळीकही बाद. मग ऐंशी मिनिटं माणसानं बघायचं काय? नजर, हात, दोघांमधलं अंतर आणि बोलण्याची वेळ. या चार गोष्टींत काही घडत असेल तर प्रेक्षक खिळतो. ‘केमिस्ट्री’ हा शब्द आपण रूपाला किंवा नशिबाला चिकटवतो. पडद्यावर मात्र ती एकाच गोष्टीची खूण असते: याच्या बोलण्यानं तिच्यात आत्ता, या क्षणी काहीतरी हललं, आणि ते आपल्याला दिसलं.

सुचलेले आणि फसलेले उपाय

शेरा आल्यावर पहिला बळी जातो संगीताचा. प्रत्येक नजरानजरेखाली पियानो घातला. परिणाम उलटा झाला. चेहऱ्यावर काही नसताना पियानो वाजला की प्रेक्षकाला कुणीतरी कोपरानं ढोसल्यासारखं वाटतं. दुसरी सूचना होती चुंबन सातव्या अंकातच उरकून घेण्याची. त्यानं साचाच मोडतो, आणि आठव्या अंकातला दुरावा विनाकारण क्रूर वाटायला लागतो. तिसरी गोष्ट उपायही नव्हे, नुसतं कुजबुजणं: ‘नायक लाकडी आहे.’ त्याचेच बाकीचे प्रसंग, विशेषतः शेजारच्या म्हातारीबरोबरचे, पाहिले तर तो मुळीच लाकडी नव्हता. म्हातारीबरोबर तो थट्टा करत होता, मध्येच तिचं वाक्य तोडत होता, तिची टोपी नीट करत होता. फक्त नायिकेसमोर आला की सभ्य व्हायचा.

हाच पहिला खरा धागा. दोष माणसात असता तर तो सगळीकडे दिसला असता.

आधी मुका, मग आंधळा

तपासणीचा क्रम साधा आहे, खर्च काही नाही. दोघांचे एकत्र प्रसंग सलग लावून आवाज बंद करायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: हे दोघं एकमेकांचे कोण? मुक्या तपासणीत हे दोघं चांगले सहकारी दिसले. पहिल्या भेटीपासून दिव्यांच्या उत्सवापर्यंत दोघांमधलं अंतर जवळजवळ एक मीटर, जसंच्या तसं. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसांमधल्या अंतरांची जी मापं मांडली, त्यात साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत जवळच्या माणसाचा टापू येतो आणि तिथून १२० सेंटिमीटरपर्यंत मित्रमंडळींचा. ही मापं अमेरिकी माणसांवरून घेतलेली, त्यामुळे अमेरिकी गोष्टीला चपखल बसतात. आपली जोडी सबंध चित्रपटभर मित्रमंडळींच्या टापूत उभी होती. जवळ येणं आणि मागे सरणं, दोन्ही नाही. कारण ठरलेलं असतं: पहिल्या दिवशी दोघं आडव्या चौकटीत बरे दिसतील अशा खुणा जमिनीवर लावल्या, आणि पुढे रोज घाईत त्याच मापानं लागत गेल्या.

हातांचं त्याहून वाईट. कोट, मफलर, जाड हातमोजे. चेहऱ्याखाली माणूस शिल्लकच नाही. जिथे हातमोजे नाहीत तिथे दोन्ही हातांत कोकोचा मग, आणि तोही रिकामा. रिकामा मग लगेच ओळखू येतो: माणूस तो बोलता बोलता हवेत हलवतो, ओठांना लावताना जपत नाही, घोट घेतल्यावर गिळत नाही. गरम पेय हातात असलेला माणूस मंदावतो, वाफेआडून समोरच्याकडे बघतो. ती सगळी फुकटची अभिनयसामग्री मगात पाणी न भरल्यामुळे गेली.

मग उलटं करायचं. चित्र बंद, नुसता आवाज. इथे दुसरा दोष लख्ख ऐकू आला. प्रत्येक वाक्यानंतर तेवढीच शांतता, १४ ते १६ फ्रेम, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. दहा भाषांमधल्या खऱ्या संभाषणांची मोजणी करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास निघालं. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात ते पाचच फ्रेम. ज्यांचं सूत जुळलंय ती माणसं तर एकमेकांच्या वाक्यात शिरतात. हे दोघं मुलाखत दिल्यासारखे थांबून थांबून बोलत होते.

ही शांतता नटांची नव्हती, ध्वनिमुद्रणाची होती. एकाचा क्लोज-अप चालू असताना समोरच्यानं त्याच्या वाक्यावर बोलायचं नसतं, नाहीतर दोन आवाज एकमेकांत मिसळतात आणि नंतर कापता येत नाहीत. म्हणून नट शिस्तीनं थांबतात. ती जागा संकलनात मिटवायची असते. घाईच्या रफ कटमध्ये ती तशीच राहिली, आणि नटांवर ‘थंड’ असा शिक्का बसला.

तिसरा दोष दिनपत्रिकेच्या नोंदी पाहिल्यावर सापडला. नवव्या दिवशी नायिकेचे क्लोज-अप सगळ्यात शेवटी घेतले गेले. नायकाचे तास संपले होते, ओव्हरटाइम नको म्हणून त्याला सोडला. त्याची वाक्यं वाचली कन्टिन्युइटी, म्हणजे शॉटाशॉटांतला मेळ, बघणाऱ्या व्यक्तीनं, आणि नायिकेला बघायला सांगितलं स्टँडवर चिकटवलेल्या टेपच्या तुकड्याकडे. खऱ्या माणसाकडे बघताना डोळे स्थिर नसतात. समोरच्याच्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, तिथून ओठांवर, परत वर, अशी त्यांची बारीक ये-जा चालू असते. टेपकडे बघणारे डोळे गोठतात. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण ‘ही त्याच्याकडे बघत नाहीये’ एवढं त्याला बरोबर कळतं.

प्रसंग ३४: दिव्यांचा गुंता

सगळे दोष एका जागी गोळा झालेला प्रसंग म्हणजे कोठारातला. गेल्या वर्षीच्या दिव्यांच्या माळा गुंतल्यात, दोघं त्या सोडवत बसलेत. लांबी दोन मिनिटं दहा सेकंद. कामाला हात आहेत, एकमेकांच्या जवळ बसायला जागा आहे, रात्र आहे. लेखकानं दिलेली परिस्थिती उत्तम. संवाद असे:

‘तुला हा मळाच चालवायचा होता का?’

‘बाबा गेले. दुसरं कोण बघणार होतं?’

‘किती छान. असं आजकाल कोण करतं!’

‘तूही तुझ्या कामात हुशार आहेसच की.’

‘थँक्स.’

पहिला प्रश्न खरा आहे. उत्तरात दुःख आहे आणि त्याखाली दबलेली एक तक्रारही आहे. आणि तिचं ‘किती छान’ हे न ऐकलेल्या माणसाचं उत्तर आहे. तिथून पुढे दोघं एकमेकांना प्रशस्तिपत्रकं वाटतात. या प्रकारच्या पटकथांचा हा जुना रोग. दोघंही इतके गुणी ठेवायचे असतात की त्यांना एकमेकांचं कौतुक करण्यापलीकडे काम राहत नाही. कौतुकानं माणूस खूश होतो, पण हलत नाही. आपण न सांगितलेली गोष्ट समोरच्यानं ओळखली, की मात्र हलतो.

दुरुस्ती अशी. शेवटची तिन्ही वाक्यं काढली. ‘दुसरं कोण बघणार होतं?’ नंतर तिचा चेहरा हवा होता, ऐकणारा. तो एका टेकच्या सुरुवातीला मिळाला, ‘अ‍ॅक्शन’ म्हणण्याआधीचा. नायक खरोखरच एका गाठीशी झटापट करतोय आणि ती मजेनं, लक्ष देऊन बघतेय. दोन सेकंदांचा तुकडा. एडिटरनं टेकची डोकी आणि शेपट्या आधी बघाव्यात ते याचसाठी. नट तिथे अभिनय करत नसतात, एकमेकांकडे बघत असतात.

त्यानंतर कट नायकावर. ती चौकटीबाहेर आहे, त्यामुळे तिचं वाक्य डबिंगमध्ये नवं घालता येतं. घातलं: ‘म्हणजे तुला कुणी विचारलंच नाही.’

आता त्याची प्रतिक्रिया हवी. ती एका वाया गेलेल्या टेकमध्ये होती. नट पुढचं वाक्य विसरला होता. त्याचे हात माळेवर थांबले, तोंड किंचित उघडलं, नजर वर आली. २८ फ्रेम वापरण्याजोग्या होत्या, त्यानंतर तो हसला आणि टेक मोडला. त्या २८ फ्रेममध्ये विसरलेला नट आणि ओळखला गेलेला माणूस यांत काडीचा फरक दिसत नाही. त्यानंतर प्रसंगाच्या आरंभीचं त्याचंच एक कामाचं वाक्य उचलून शेवटी आणलं: ‘हे टोक धर.’ ती टोक धरते. प्रसंग संपला. लांबी एक मिनिट चाळीस सेकंद.

बाकीच्या प्रसंगांतल्या थट्टामस्करीत वाक्यांमधलं अंतर चार ते सहा फ्रेमवर आणलं. काही ठिकाणी दोन-तीन फ्रेम एकमेकांवर चढवली. दोघांचे माइक वेगळ्या ट्रॅकवर असल्यानं ते जमलं. फक्त ‘विचारलंच नाही’ नंतरची शांतता तशीच लांब ठेवली. आधीचं सगळं चटपटीत झाल्यामुळे ती आता पहिल्यांदाच ऐकू आली.

मूळ चित्रण ४केमध्ये आणि प्रसारण एचडीत असेल तर चौकट दीडपटीपर्यंत आत ओढायला सहसा अडचण येत नाही, फोकस पक्का असेल तर. त्याचा उपयोग अंतराची गोष्ट घडवायला केला. पहिल्या तीन अंकांत चौकट सैल, दोघांच्या मधली रिकामी जागा दिसू दिली. कोठाराच्या प्रसंगापासून तीच जागा कापत नेली. नट एक मीटरवरच आहेत, पण आता ते माप एकसारखं वाटत नाही.

स्केटिंग, आणि व्हँकूव्हरचा झुलता पूल

एक प्रसंग मात्र हाताला लागेना. बर्फावरच्या स्केटिंगचा. या साच्यात शिडीवरून तोल जाणं, घसरगुंडी, स्केटिंग यांपैकी काहीतरी असतंच, आणि त्यामागे एक बरंच प्रसिद्ध संशोधन उभं करता येतं. यातले कितीतरी चित्रपट ज्या व्हँकूव्हर परिसरात घडवले जातात, तिथल्याच कॅपिलानो झुलत्या पुलावर मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग झाला. सुमारे ७० मीटर खोल दरीवरच्या हलत्या पुलावर पुरुषांना एका तरुणीनं प्रश्नावली दिली आणि स्वतःचा फोन नंबर दिला. नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्या ठेंगण्या, भक्कम पुलावर १६ पैकी दोघांनीच. धडधड पुलामुळे होती, ती तरुणीच्या नावावर जमा झाली, असा त्याचा अर्थ लावला गेला. संख्या अगदीच लहान आहे, तेव्हा त्यावर फार इमले बांधू नयेत. पण पटकथाकारांना हे व्यवहारात आधीपासूनच ठाऊक असावं: तोल गेला की नजर आपोआप समोरच्याला शोधते आणि हात न ठरवता धरला जातो.

इथे अट अशी की तोल खरा जायला हवा. आपल्या चित्रपटात विम्याच्या आणि वेळेच्या कारणानं लांबचे शॉट डमींवर, म्हणजे नटांच्या बदली माणसांवर, घेतले होते, आणि जवळच्या शॉटमध्ये नट चाकांच्या फळीवर उभे राहून सरकत होते, चौकटीत फक्त कमरेपासून वर. कुणाच्याही खांद्यात धडपड नाही, मान निवांत. प्रेक्षकाचं शरीर हे ताबडतोब पकडतं. एक मिनिट पन्नास सेकंदांचा प्रसंग ४० सेकंदांवर आणला, तोही बहुतेक लांबच्या शॉटमध्ये आणि त्यांच्या हसण्याच्या आवाजावर. दुरुस्त झाला असं म्हणवत नाही. झाकला गेला, इतकंच.

अर्ध्या दिवसाचं पॅचवर्क

पॅचवर्क म्हणजे कमी पडलेले तुकडे नंतर चित्रित करणं. त्याला सहा तास मिळाले, दोन्ही नट चार तासांसाठी. यादी आखताना कळलं की नायकानं पुढच्या कामासाठी दाढी काढली आहे. त्यामुळे त्याचा चेहरा बाद. उरली पाठ, हात आणि आवाज. वरकरणी संकट, पण त्यानं यादी आपोआप शहाणी झाली. सगळं लक्ष तिच्या ऐकण्यावर गेलं, आणि तेच तर कमी होतं.

नवव्या दिवसाचे तिचे टेपकडे बघणारे क्लोज-अप पुन्हा घेतले. या वेळी तो कॅमेऱ्याला चिकटून, लेन्सच्या काठाशी उभा राहिला, म्हणजे तिची नजर लेन्सच्या जितकी जवळ येईल तितकी यावी. लेन्स ८५ मिलिमीटरची. मगात पाणी भरलं, अर्ध्यापेक्षा थोडं जास्त. तिला सांगितलं ते इतकंच: तो वाक्य दर टेकला थोडं वेगळं म्हणेल, काय बदललं ते ऐक. नटाला ‘प्रेमानं बघ’ म्हटलं की तो डोळे मऊ करतो आणि चेहरा पेढ्यासारखा होतो. काहीतरी शोधायला सांगितलं की खरोखर बघतो.

हातांचे तीन शॉट घेतले. माळेचं टोक एका हातातून दुसऱ्या हातात जाणं, हातमोजा दातांनी ओढून काढणं, आणि तिनं त्याच्या कॉलरवरचा बर्फ झटकणं. शेवटचा सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला, कारण फेसाचा बर्फ झटकला की सांडत नाही, फासला जातो. तेवढ्यापुरता किसलेला खरा बर्फ आणला, दोन-दोन मिनिटांनी बदलत राहिले.

आठव्या अंकातला गैरसमज पोकळ होता. फोनवर तिचं ‘सही मिळवते’ हे वाक्य त्याच्या कानावर पडतं आणि तो निघून जातो. ज्याला अजून काही गमवायचंच नाही त्याचा राग पोरकट दिसतो. पण प्रसंग ३४ बदलल्यावर त्याच्याकडे गमवायला काहीतरी आलं होतं. पाठमोऱ्या जाणाऱ्या शॉटवर डबिंगमध्ये तीन शब्द घातले: ‘तूही विचारलं नाहीस.’ लिहिलेल्या दीड पानाच्या भांडणापैकी पाऊण पान त्यानंतर अनावश्यक ठरलं.

चुंबनाचं बोलायचं तर रफ कटमध्ये ते अडीच सेकंदांचं होतं आणि त्यातला शेवटचा सेकंद क्रेनच्या लांब शॉटमध्ये. ते लांबवण्याची गरज नव्हती. कमी होतं ते चुंबनाआधीचं. पॅचवर्कमध्ये त्याच्या खांद्यामागून तिचा चेहरा घेतला, मफलर उंच गुंडाळून म्हणजे गुळगुळीत गाल चौकटीत येऊ नये. ती कॉलरवरचा बर्फ झटकते, हात तिथेच राहतो, ती म्हणते, ‘विचारू?’ त्याचं उत्तर नाही. खांदा फक्त चार बोटं पुढे येतो. मग जुना शॉट. चुंबन जुन्या चित्रणातलंच असलं, तरी हाताची जागा, किती अंतरापर्यंत यायचं, कुणी थांबवायचं हे दोघांशी आधी बोलून ठरवलं. २०२० मध्ये अमेरिकी नटांच्या संघटनेनं, सॅग-आफ्ट्रानं, जवळिकीच्या दृश्यांसाठी जे दंडक मांडले त्यांचा एक व्यावहारिक फायदा असा की ठरलेल्या हालचालीत नटाचं लक्ष स्वतःच्या हातावर राहत नाही, समोरच्यावर जातं.

आधी काय करता आलं असतं

थोडक्यात सांगायचं तर वीस मिनिटांची जोडीची चाचणी. ती इथे झाली नव्हती. दोघांची निवड तारखांवर झाली, आणि एकत्र वाचन व्हिडिओ कॉलवर. कॉलवरचा उशीर कधीकधी बोलण्यातल्या नैसर्गिक अंतराएवढाच असतो, तेव्हा तिथे जोडी पारखणं म्हणजे पाण्यात बुडवून काडेपेटी तपासणं. चाचणी एका खोलीत, एका चौकटीत दोघं दिसतील अशी घ्यावी. प्रेमाचा प्रसंग देऊ नये, कामाचा किंवा कुरबुरीचा द्यावा, हातात काहीतरी असू द्यावं. दुसऱ्या फेरीत एकालाच गुपचूप काहीतरी बदलायला सांगावं. आणि बोलणाऱ्याकडे बघूच नये, ऐकणाऱ्याकडे बघावं.

चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी तासभर मिळाला तर अ‍ॅरन यांच्याच १९९७ च्या अभ्यासातली ३६ प्रश्नांची मालिका दोघांना देता येते. साधारण पाऊण तासाचं काम. त्यातून प्रेम जुळतं ही निव्वळ दंतकथा. तो अभ्यास अनोळखी माणसांत आपलेपणा वाढवण्याचा होता. पण आपलेपणा असलेली माणसं एकमेकांची टोपी नीट करतात, आणि इथे तेवढंच हवं आहे.

लांबीचा हिशेब

वाहिनीला चित्रपट ठरलेल्या लांबीचाच द्यावा लागतो. संवादांमधल्या जवळजवळ ४०० जागी सरासरी १० फ्रेम काढल्या, म्हणजे ४००० फ्रेम, २ मिनिटं ४७ सेकंद. स्केटिंगमधून ७० सेकंद गेले, प्रशस्तिपत्रकांतून ३८. एकूण खड्डा ४ मिनिटं ३५ सेकंदांचा.

तो भरताना कोणता शॉट परत आणायचा याचा मोह आवरावा लागतो, कारण रेलचेल असते ती गावच्या उत्सवाच्या ड्रोन शॉटची. तिच्या ऐकण्याचे शॉट लांबवून ९६ सेकंद मिळाले. पॅचवर्कचे ६८. बहिणीबरोबरचा स्वयंपाकघरातला एक कापलेला प्रसंग, ज्यात नायिका पहिल्यांदा चिडचिड करते, परत बसवला: १०० सेकंद. उरले ११.

ते अकरा सेकंद आठव्या अंकाच्या शेवटी गेले. ती गाडीत बसलीय, इंजिन बंद. हा शॉट मुळात गाडी सुरू होण्याची वाट पाहत घेतलेला होता आणि कुणीच वापरणार नव्हतं. तिच्या कोटाच्या खिशातून दिव्यांच्या माळेचं टोक बाहेर आलेलं आहे. वेशभूषेच्या माणसाकडून ते तिथे राहून गेलं होतं, आणि कन्टिन्युइटीच्या वहीत त्यापुढे चूक म्हणून लाल खूण होती.